नळदुर्गाच्या दोन भेटी



परभणी जिल्ह्यांत राहणाऱ्या माणसानें किल्ल्यावर बोलावें हें थोडें चमत्कारिक वाटण्याजोगें आहे. आमचा मुलूख गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या कांठचा. काळ्या जमिनीचा, ज्वारी-कापसाचा आणि बव्हंशीं सपाट. रायगड-राजगडासारखीं शिखरें आमच्या मुलांनीं पाहिलीं तीं क्रमिक पुस्तकांतील चित्रांत. वर्गांत किल्ला हा शब्द आला म्हणजे मला फळ्यावर खडूनें आधीं डोंगर काढावा लागे, मग त्यावर तट काढावा लागे, आणि तेवढ्यांत कोणी तरी विचारी, "गुरुजी, इतक्या उंच पाणी कोण नेत असेल?" मुलें हसत, परंतु प्रश्न हसण्यासारखा नव्हता. किल्ल्याची बरीचशी गोष्ट पाण्यापाशीं येऊन थांबते हें मला पुढें पुष्कळ वर्षांनीं नळदुर्गास समजलें. त्या नळदुर्गाविषयीं, आणि मीं त्यास दिलेल्या दोन भेटींविषयीं, आज मी बोलणार आहें.

तत्पूर्वीं एक कबुली द्यावयास हवी. आमच्या भागांत गड नसले तरी गढ्या होत्या. जुन्या गांवाच्या मध्यभागीं किंवा एका अंगास, उंचवट्यावर, देशमुखाची, पाटलाची नाहीं तर जहागीरदाराची गढी असावयाचीच. खालीं दगडाच्या चार-सहा थरांचें जोतें, त्यावर पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, कोपऱ्यांस बुरूज आणि आंत एक आड. आमच्या गांवची गढी मीं पाहिली तेव्हांच ती ओसाड होती. आतां असें आहे कीं, मृग निघण्यापूर्वीं घराच्या माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागतो. न दिल्यास पावसांत घर गळतें. ही माती आणावयाची कोठून ? सारा गांव ती गढींतून आणी. मी आठ-दहा वर्षांचा असल्यापासून डोक्यावर टोपलें घेऊन वडिलांच्या मागें जात असें. कुदळीचा घाव बसला कीं भिंतीचा एखादा कपरा धपकन् खालीं येई आणि आम्हां मुलांना मोठी मौज वाटे. कधीं एखादें खापर, कधीं काचेच्या बांगडीचा तुकडा सांपडे. तो आम्ही फेंकून देत असूं. अशा रीतीनें वीस-पंचवीस पावसाळ्यांत आमच्या गांवानें आपला एकुलता एक किल्ला स्वतःच्या घरांच्या माथ्यावर वाहून नेला. शत्रू कोणी आला नव्हता.

असो. पुढें मी शिक्षक झालों, आणि १९८९ च्या जानेवारींत सातवीच्या मुलांची सहल घेऊन प्रथम नळदुर्गास गेलों. परभणीहून गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, लातूर, औसा असें करीत आमची एस. टी. ची गाडी रात्रीं तुळजापुरास पोंचली. पहाटे देवीचें दर्शन घेतलें आणि तेथून सुमारें दहा कोसांवर असलेल्या नळदुर्गास उन्हें वर येण्याच्या सुमारास उतरलों. मुलांना मीं आदल्या आठवड्यांत सांगून ठेवलें होतें कीं हा किल्ला नळराजाचा. गांवोगांव तशी दंतकथा आहेच; नळ-दमयंतीची गोष्ट मुलांना ठाऊक होती; त्यामुळें माझें काम सोपें झालें. शिक्षकाचें काम असें सोपें होऊं लागलें कीं त्यानें सावध व्हावें, हें मला त्या वयांत कळत नव्हतें.

त्या दिवशीं आम्हीं जो किल्ला पाहिला तो निम्मा काट्यांत होता. वेड्या बाभळी आणि घाणेरी यांतून पायवाट शोधावी लागे. बुरुजांच्या सांध्यांतून पिंपळ उगवले होते. मुलें मात्र खूष होतीं. पडक्या जागेंत मुलांना जी मोकळीक वाटते ती नीटनेटक्या जागेंत वाटत नाहीं. आम्ही उपळ्या बुरुजावर चढलों. सबंध किल्ल्यांतील ही सर्वांत उंच जागा. वर लांबच लांब तोफा पडून आहेत. तेथून खालीं पाहिलें तर बोरी नदीचें वळण, तिच्यावर घातलेला काळ्या दगडाचा बांध, आणि बांधाच्या पलीकडे रणमंडळ नांवाचा जोडकिल्ला, हें सारें एका नजरेंत येतें. डोंगर नसलेल्या मुलखांत किल्ला कसा उभारावा याचें उत्तर तेथें डोळ्यांपुढें मांडलेलें आहे. उंचीचें काम तेथें नदीकडून करून घेतलेलें आहे.

दुपारीं आम्ही पाणीमहालांत उतरलों. हा महाल नदीकांठीं नाहीं, नदीवरही नाहीं. तो बांधाच्या भिंतीच्या पोटांत आहे. बांधावरून पायऱ्या उतरून आंत गेलें कीं दगडी दालनें लागतात आणि त्यांच्या खिडक्या बांधाच्या उतरत्या अंगास उघडतात. पावसाळ्यांत तलाव भरला म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्यासाठीं बांधांत वाटा ठेवल्या आहेत. त्यांतील दोन धबधब्यांस लोक नर आणि मादी म्हणतात. पाणी पाहणाराच्या डोक्यावरून जाऊन खिडकीपुढें कोसळतें, आणि आंत उभा असलेला मनुष्य कोरडा राहतो. जानेवारीचा महिना असल्यामुळें आम्हांला यांतलें कांहींच दिसलें नाहीं. खालीं शेवाळलेला डोह तेवढा होता. मीं हात हलवून, तोंडानें आवाज काढून पाणी कसें पडत असेल तें सांगितलें.

तेथेंच दोन गोष्टी घडल्या. भिंतीवर पुष्कळ नांवें लिहिलेलीं होतीं. मुलांनीं विचारलें, "आपणही लिहूं का ?" मीं खिशांतून खडू काढला आणि स्वतःच्या वळणदार अक्षरांत शाळेचें नांव, इयत्ता आणि तारीख लिहिली. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. मला त्यांत गैर कांहीं वाटलें नाहीं. गढीची माती नेणाऱ्या मुलाचा शिक्षक झाला होता, एवढाच काय तो फरक.

दुसरी गोष्ट अशी कीं, एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, हा किल्ला किती जणांनीं जिंकला ?" मीं सांगितलें, "पुष्कळांनीं." त्यावर तो म्हणाला, "मग एकानंही हा बांध कसा फोडला नाहीं ? बांध फोडला असता तर पाणी गेलं असतं, किल्ला आपोआप पडला असता." मीं कांहीं तरी सांगून वेळ मारून नेली. पण परतीच्या वाटेवर औशाच्या पुढें सारीं मुलें झोंपलीं तरी मी जागा होतों. उत्तर मला येत नव्हतें.

त्यानंतर मीं वाचूं लागलों. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. ग्रंथ मिळाले ते परभणीच्या वाचनालयांत आणि कोणी स्नेह्यानें दिले ते. त्यांतून जें हातीं लागलें तें थोडक्यांत सांगतों.

नळदुर्गाची जागा फार जुनी. चालुक्यांच्या एखाद्या मांडलिकाचें ठाणें येथें असावें असें म्हणतात. पुढें तो बहामनी राज्यांत आला, आणि त्या राज्याचीं शकलें झालीं तेव्हां विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. येथून त्याचें खरें महत्त्व सुरू होतें. कारण नळदुर्ग आणि सोलापूर हीं ठाणीं अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या शिवेवर पडलीं. सोलापुरावरून या दोन घराण्यांत दोन-तीन पिढ्या रक्त सांडलें. १५२४ सालीं आदिलशहाची बहीण बीबी मरियम हिचें लग्न बुऱ्हाण निजामशहाशीं झालें; तेव्हां सोलापूर आंदण द्यावयाचें ठरलें होतें आणि तें दिलें गेलें नाहीं. हुंडा बुडविल्यावरून आमच्याकडे सोयऱ्यांत अबोला धरतात; तेथें सैन्यें निघालीं. शेवटीं हुसेन निजामशहानें आपली मुलगी चांदबिबी अलि आदिलशहास दिली आणि तिच्याबरोबर सोलापूर दिलें, तेव्हां कोठें दिलजमाई झाली. आणि त्या दिलजमाईचें फळ म्हणजे १५६५ सालीं विजयनगराविरुद्ध झालेली तालिकोटची लढाई.

आतां येथें आमच्या जिल्ह्याचा एक धागा येतो, तो मला सांगितल्यावांचून राहवत नाहीं. निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा जन्मानें ब्राह्मण. लहानपणीं विजयनगरच्या मुलखांत तो बहामनी सैन्याच्या हातीं सांपडला आणि मुसलमान झाला. त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असें इतिहासकार फिरिश्ता सांगतो. ती पाथरी म्हणजे आमच्या परभणी जिल्ह्यांतील पाथरी. त्या काळीं ती वऱ्हाडच्या इमादशाहींत होती. बुऱ्हाण निजामशहानें पूर्वजांचें गांव म्हणून ती मागितली; मिळेना तेव्हां १५१८ सालीं घेतली; इमादशहानें परत घेतली; बुऱ्हाणानें १५२७ सालीं पुन्हां घेतली. वतनाच्या गांवासाठीं बादशहानें लढावें, हें मला तरी समजूं शकतें. चांदबिबी ही याच बुऱ्हाणाची नात. अलि आदिलशहा १५८० सालीं मारला गेला तेव्हां गादीवर बसलेला त्याचा पुतण्या इब्राहिम अवघा नऊ वर्षांचा होता. त्याला चांदबिबीनें वाढविलें, त्याच्या नांवानें तिनें राज्य संभाळलें, आणि पुढें माहेरीं जाऊन १५९५-९६ सालीं अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढविला. ज्या इब्राहिमास तिनें वाढविलें, त्याच दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ च्या सुमारास, नळदुर्गचा बांध आणि पाणीमहाल पुरा झाला. पाथरीच्या कुलकर्ण्यांपासून नळदुर्गच्या धबधब्यापर्यंत असा एक नात्याचा दोर जातो. मुलांना मीं नळराजा सांगितला. हा दोर हाताशीं असतांना सांगितला नाहीं, याची मला अजून चुटपुट लागते.

इब्राहिम हा गाण्याचा वेडा, 'किताब-इ-नौरस' या ग्रंथाचा कर्ता. त्याचा पाणीमहाल पाहून पुष्कळ लोक म्हणतात, ही रसिक राजाची चैन. चैन होती यांत शंका नाहीं. परंतु ती चैन एका कामाच्या वस्तूच्या पोटांत बसविली आहे, हें विसरून चालणार नाहीं. तो बांध पाणी अडवितो, त्यानें किल्ल्याच्या तटाखालीं नदी फुगवून ठेविली आहे, शिवाय तो किल्ल्यास रणमंडळाशीं जोडणारा पूल आहे. इतकीं कामें करून झाल्यावर राजानें त्यांत बसावयास चार खोल्या काढल्या.

१६८६ सालीं विजापूर पडलें आणि नळदुर्ग औरंगजेबाकडे गेला; पुढें निजामाकडे. १८५३ च्या तहानें निजामानें जे मुलूख इंग्रजांच्या हवालीं केले त्यांत वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्गाचा जिल्हाही होता. तेथें अंमलदार म्हणून आला मेडोज टेलर, ठगांवरील कादंबरीचा लेखक. हा मनुष्य किल्ल्याच्या प्रेमांत पडला. आत्मचरित्रांत त्यानें त्याचें वर्णन केलें आणि चांदबिबीवर 'अ नोबल क्वीन' नांवाची कादंबरी लिहिली, तींतही नळदुर्ग आणला. १८६० सालीं जिल्हा निजामास परत मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सबंध जिल्ह्यास नळदुर्गचें नांव होतें. नंतर तें उस्मानाबाद झालें, आणि २०२३ पासून धाराशिव.

यानंतर नळदुर्गाचें नांव एकदांच मोठ्यानें घेतलें गेलें, तें १३ सप्टेंबर १९४८ रोजीं. त्या दिवशीं पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानांत शिरलें. रस्ता नळदुर्गावरून जातो. तेथें निजामाची फौज होती. पण लढाईचा निकाल तटावर लागला नाहीं. बोरी नदीवरील रस्त्याचा पूल अखंड स्थितींत हातीं येणें, हाच खरा प्रश्न होता. पूल उडाला असता तर रणगाडे आणि गाड्या अडून राहिल्या असत्या. सातव्या ब्रिगेडनें तो वेगानें जाऊन ताब्यांत घेतला आणि मग शीख पलटणीनें नळदुर्गच्या ठाण्यावर हल्ला करून तें घेतलें. चार दिवसांनीं, १७ सप्टेंबरला, निजामानें शरणागति पत्करली. शंभराहून अधिक बुरूज सांगतात त्या किल्ल्याचे. एकाही बुरुजाला त्या दिवशीं फारसें काम पडलें नाहीं. आमच्या घरीं वडील ही हकीकत सांगत तेव्हां त्यांत किल्ला येतच नसे. पूल तेवढा येई.

वाचतां वाचतां मला त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर जवळ आल्यासारखें वाटूं लागलें. तें पुरें झालें दुसऱ्या भेटींत.

सेवानिवृत्त झाल्यावर, पाऊस चांगला झालेल्या एका वर्षीं, भाद्रपदांत मी सहकुटुंब नळदुर्गास गेलों. मधल्या काळांत किल्ल्याचें रूप पालटलें होतें. राज्य शासनाची 'महाराष्ट्र वैभव' नांवाची एक संगोपन योजना आहे. तिच्याखालीं २०१४ सालीं हा राज्य-संरक्षित किल्ला दहा वर्षांच्या करारानें सोलापूरच्या एका खाजगी कंपनीकडे देखभालीसाठीं सोंपविण्यांत आला होता. काटे निघाले होते. वाटा झाल्या होत्या. दारांत तिकीट होतें. आंत बाग, हिरवळ, बसावयास जागा आणि तलावांत नावा होत्या. नातवाला नावेखेरीज दुसरें कांहीं दिसेना. सौभाग्यवतींनीं सांगितलें, "पुन्हां इथंच आणा, तुमचे दुसरे किल्ले नकोत." गुडघे दुखणाऱ्या बाईमाणसाला जेथें फिरतां येतें तो किल्ला चांगला, हें त्यांचें मत मला खोडून काढतां आलें नाहीं.

बागेविषयीं माझें मन मात्र दुभंगलेलें आहे. हिरवळ डोळ्यांस गार वाटते. पण ती तेथली नव्हे. दख्खनच्या किल्ल्यांत मोकळ्या मैदानावर घोडे बांधीत, धान्य उतरवीत, तंबू ठोकीत. तेथें फुलांचे वाफे पाहून मुलास वाटावयाचें कीं आदिलशहाचे शिपाई येथें हवा खावयास येत. हा वाद आजचा नाहीं आणि आमच्यापुरताही नाहीं. फ्रान्समध्यें पिएरफाँ नांवाचा एक मध्ययुगीन किल्ला सतराव्या शतकांत राजाज्ञेनें मोडून टाकला होता. १८५७ पासून तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून व्हियोले-ल-द्यूक या स्थापत्यकारानें तो पुन्हां उभा केला. पण जसा होता तसा नव्हे, जसा असावयास हवा होता असें त्याला वाटलें तसा. आज लोक तो पाहावयास गर्दी करतात. उलट इंग्लंडांत रस्किननें १८४९ मध्येंच बजावलें होतें कीं, जीर्णोद्धार हा नाशाचाच एक प्रकार होय. आमच्याकडे सर जॉन मार्शल यांनीं १९२३ सालीं स्मारकांच्या जतनाचे नियम लिहिले, त्यांचा रोख असा कीं, जुनें आहे तें सांवरावें, नवें करून जुन्याच्या नांवावर खपवूं नये. हैदराबाद संस्थानांतही १९१४ सालीं पुराणवस्तु खातें निघालें आणि गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखालीं अजिंठ्याचीं चित्रें राखण्यासाठीं इटलीहून कारागीर आणविले गेले. त्यांनीं गळणारा गिलावा भिंतीला पुन्हां धरून ठेवावयाचा, असेंच तें काम होतें. मला मार्शलचें म्हणणें पटतें. पण गढीची माती वाहिलेल्या माणसानें फार कडक होऊं नये. बाभळीच्या मुळ्या सांध्यांत शिरून चिरे फोडतात. त्यापेक्षां हिरवळ बरी. हिरवळ उद्यां काढतां येईल, फुटलेला चिरा सांधतां यावयाचा नाहीं.

पाणीमहालाकडे जाण्यापूर्वींच पाण्याचा आवाज येऊं लागला. तलाव भरून वाहत होता. नर आणि मादी दोन्ही कोसळत होते. पायऱ्या उतरून खिडकींत उभा राहिलों. समोर पाण्याचा पांढरा पडदा, अंगावर तुषारांचा गारवा, कपडे कोरडे. तीस-बत्तीस वर्षांपूर्वीं मीं तोंडानें जो आवाज काढला होता तो अगदींच खोटा होता. भिंतीवर मीं माझी अक्षरें शोधलीं. तीं नव्हतीं, खडू किती टिकणार? मला हायसें वाटलें. आणि खरें सांगावयाचें तर किंचित् वाईटही वाटलें. मनुष्याचा स्वभाव असा आहे.

एक गोष्ट त्या दिवशीं ध्यानांत आली. नवबुरूज पाहा, हुलमुख दरवाजा पाहा, आंतील वाड्यांचे पडके भाग पाहा. ज्याची त्याची डागडुजी कोणीं तरी मुद्दाम करावी लागते, कारण त्यांचें काम संपलें आहे. बांधाचें काम संपलेलें नाहीं. चारशें वर्षें प्रत्येक पावसाळ्यांत त्यानें नदी अंगावर घेतली आहे. किल्ला घेणारा जो कोणी आला त्याला पहिल्या संध्याकाळीं घोड्यांना पाणी पाजावयाचें होतें. तट हा शत्रूसाठीं बांधलेला असतो, पाणी मात्र शत्रूलाही लागतें. म्हणून तट ढासळले तरी चालले आणि बांध मात्र विजापूरकर, मोगल, निजाम, इंग्रज, सर्वांनीं ठेवला. १९४८ सालीं सैन्यानें पूल जपला तोही ज्याला पुढें जावयाचें आहे त्याच्या गरजेनें. असें माझें उत्तर तयार झालें. मुलगा मात्र पुढें नव्हता. पुढें नातू होता, आणि तो पुन्हां नावेंत बसूं म्हणून हट्ट धरून होता.

तो प्रश्न विचारणारा मुलगा आतां पन्नाशीकडे आला आहे. तो आमच्याच गांवीं राहतो. त्याचा ट्रॅक्टर आहे आणि त्याच्या फेऱ्यांत गढीची उरलीसुरली माती अजून जात असते, कधीं कोणाच्या जोत्याच्या भरावासाठीं, कधीं रस्त्यासाठीं. नळदुर्गाहून आल्यावर मीं त्याला बोलावून घेतलें आणि म्हणालों, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर आणलं आहे." प्रश्न त्याला आठवत नव्हता. मीं आठवण दिली, उत्तर सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें. मग म्हणाला, "खरं आहे गुरुजी. आपल्या गढीला पाणी असतं तर आपणही ती फोडली नसती."

मीं म्हटलें, "गढीला आड आहे. तुझ्या आजीनं त्याचं पाणी प्यालेलं आहे. आपण त्यांत केरकचरा टाकला."

तो कांहीं बोलला नाहीं. चहा पिऊन गेला.

त्या चैत्रांत एके दिवशीं सकाळीं तो ट्रॅक्टर, दोर आणि पांच-सात पोरें घेऊन गढीवर आला व मला बोलावणें पाठविलें. आडांतला गाळ आणि कचरा काढावयास नऊ दिवस लागले. खापरें निघालीं, बांगड्यांचे तुकडे निघाले, जात्याची एक तळी निघाली. या खेपेस तें सर्व आम्हीं शाळेच्या कपाटांत ठेवलें आहे. सदतीस हातांवर ओल लागली आणि दुसऱ्या दिवशीं हातभर पाणी सांठलें. तें पिण्याजोगें नाहीं, गुरांपुरतें आहे. आडाचें तोंड गढीच्या पूर्वेकडील बुरुजाला लागून आहे; बुरूज ढासळला तर तो आडांत जाईल. म्हणून त्या बाजूची माती यंदा मृगाच्या आधीं कोणीं काढली नाहीं.